आम्ही इथेच राहायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईला गॅसवरचं दूध आठवतं आणि बाबा फोन तिच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. दोघं शेजारी बसून वाचा. आई, तू मोठ्यानं वाच. बाबांचे डोळे संध्याकाळी दुखतात.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. येत्या जूनमध्ये आम्ही आयर्लंडहून कायमचं परत येणार नाही. चिकूची शाळा इथेच चालू राहील. गावातच, मैदानापासून चालत जाता येईल असं एक घर घेतलंय आणि परवा त्याच्या सह्याही झाल्या. म्हणजे आता विचारायचं काही उरलेलं नाही, फक्त सांगायचं आहे. हे वाचून आईला कसं वाटेल ते मला माहीत आहे. पण आई, आम्ही लांब गेलो असं नाही गं. होतो तिथेच आहोत, एवढंच.

पैशासाठी थांबलो असं कुणी म्हणालं तर बाबा, तुम्ही ऐकून घेऊ नका. पुण्यात यांना तेवढाच पगार मिळत होता आणि मलाही तिथे हॉस्पिटलमध्ये कुणीही घेतलं असतं. थांबलो ते चिकूसाठी. चिकूसाठी म्हणजे त्याच्या त्या काठीच्या खेळासाठी, हे ऐकून बाबा म्हणतील, "खेळापायी कुणी घर घेतं होय?" तर बाबा, हे तुम्हालाच सांगायचंय. आपल्या घरात हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

त्याचा तो खेळ म्हणजे हर्लिंग, तुम्ही व्हिडिओवर पाहिलाय. अॅश झाडाच्या लाकडाची काठी, तिला हर्ली म्हणतात, कातडी चेंडू, प्रत्येक बाजूला पंधरा माणसं. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक. खेळ एवढाच. खरी गोष्ट आहे ती कोण कुणाकडून खेळतो ही. इथे खेळाडू विकत घेत नाहीत. ज्या गावात वाढलात त्या गावच्या क्लबकडून खेळायचं, आणि चांगले निघालात तर काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडून. पगार नाही. सोमवारी सगळे आपापल्या कामावर. तुम्ही नाही का मंडळाकडून खेळायचात आणि मग साताऱ्याच्या संघात निवड झाली होती? सोमवारी सकाळी परत बँकेत, कोपराला हळद लावून. तेच.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर बॅलीहेल आहे. गाव म्हणजे एक मोठा रस्ता आणि आजूबाजूला शेतं. हेन्री शेफ्लिन तिथला. 1979 चा जन्म. गावच्या बॅलीहेल शॅमरॉक्स क्लबकडून आणि किलकेनी काउंटीकडून तो खेळला, आणि हर्लिंग खेळलेल्या सगळ्यांत मोठा तोच असं इथली निम्मी माणसं छातीठोकपणे सांगतात. उरलेली निम्मी दुसऱ्या जिल्ह्यांतली आहेत. फिजिओ म्हणून माझ्याकडे येणारे म्हातारे पेशंट खांद्याचा व्यायाम करता करता त्याच्या मॅचेस मला पुन्हा पुन्हा सांगतात, आणि मी त्यांना थांबवत नाही, कारण सांगताना त्यांचा हात आपोआप खांद्याच्या वर जातो.

1999 साली तो पहिल्यांदा किलकेनीकडून ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांची चॅम्पियनशिप खेळला आणि त्याच वर्षी फायनलमध्ये कॉर्क काउंटीकडून एका पॉइंटनं हरला. पुढच्या वर्षी जिंकला. मग 2002 आणि 2003. मग 2006 ते 2009 सलग चार. मग 2011, 2012 आणि 2014. दहा वेळा ऑल-आयर्लंड. त्याच्या आधी मैदानात उतरून आठच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. चॅम्पियनशिपच्या 71 सामन्यांत 27 गोल आणि 484 पॉइंट. नुसते आकडे ऐकून तुम्ही मान हलवाल, पण हे ऐका: किलकेनीची सगळी लोकसंख्या लाखभर आहे. आपल्या कराड तालुक्यात याहून जास्त माणसं राहतात. आणि एवढ्याशा जिल्ह्यानं ही चॅम्पियनशिप 36 वेळा जिंकलीय, आयर्लंडमध्ये सगळ्यांत जास्त.

शिक्षणाचं म्हणाल, तर ते त्यानं सोडलं नाही. किलकेनीत सेंट किरन्समध्ये शाळा, मग वॉटरफर्डला कॉलेज, आणि खेळत असताना बँकेत नोकरी. बँकेत, बाबा. तेव्हा चिकूच्या अभ्यासाची काळजी नको. त्याचं गणित यांच्याकडे आहे आणि मराठी माझ्याकडे. जोडाक्षरं आता नीट येतात, पुढच्या पत्रात तोच दोन ओळी लिहील.

आईला दुखापतीची भीती आहे. असणारच. हेल्मेट पोरांना तर घालावंच लागतं, 2010 पासून मोठ्या खेळाडूंनाही सक्तीचं झालंय, तोंडासमोर जाळी असते. चिकूचं मी स्वतः पट्टा ओढून बघते. पण गुडघ्याला हेल्मेट नसतं, आणि इथून पुढचं बाबांसाठी आहे. लक्ष देऊन ऐका.

2007 च्या फायनलला शेफ्लिन कॅप्टन होता. लिमरिकविरुद्ध. पहिल्या अर्ध्यातच गुडघ्यातलं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, गेलं आणि दुसऱ्या अर्ध्यात तो उतरूच शकला नाही. किलकेनी जिंकली. कप घ्यायला तो वर गेला तेव्हा त्यानं संघातल्या गोलरक्षकाच्या लहान मुलाला बरोबर नेलं. त्या पोराची आई त्याच उन्हाळ्यात अपघातात गेली होती. दोघांनी मिळून कप उचलला. हे मला पहिल्यांदा एका आजींनी सांगितलं, त्यांची कंबर शेकत होते तेव्हा, आणि मला पुढचा पेशंट आत बोलवायला जरा वेळ लागला. आयुष्यात एकदा मिळणारा क्षण, त्यात त्या माणसाला ते पोर आठवलं. चिकूनं अशा माणसांच्या गावाशेजारी वाढावं असं मला वाटतं. यात काही चूक आहे का सांगा.

शेफ्लिन महिनोन् महिने व्यायाम करून 2008 ला परत आला आणि पुन्हा जिंकला. मग 2010. ऑगस्टमध्ये सेमीफायनलला कॉर्कविरुद्ध परत क्रूसिएट. सप्टेंबरच्या सुरुवातीला फायनल, आणि सलग पाचव्यांदा जिंकायची संधी. तो खेळणार की नाही हे बघायला किलकेनीच्या नोलान पार्कवर नुसत्या सरावाला हजारो माणसं जमली. तो उतरला, आणि 13 मिनिटांत बाहेर आला. टिपररी जिंकली. फिजिओ म्हणून मी तिथे असते तर त्याला मैदानात पाऊल टाकू दिलं नसतं. महिन्याभरात लिगामेंट ऐकत नाही, माणूस कितीही मोठा असो. पण मग त्यानं ऑपरेशन करून घेतलं, रोजचा कंटाळवाणा व्यायाम केला, आणि 2011 ला आठवं पदक घेतलं. 2012 ला नववं, आणि 33 व्या वर्षी तिसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला. तिसऱ्यांदा हा मान मिळालेला तो पहिलाच.

तर बाबा, "या वयात कशाला ऑपरेशन" हे आता बंद. तुमच्या त्या सेमीफायनलला तुम्ही सोलापूरच्या मातीवर पडलात तेव्हापासून तो गुडघा वाकडा आहे, आणि आईनं तेव्हापासून आजवर तेल चोळलंय. तेलानं होण्यासारखं होतं तेवढं झालं. दादानं पाठवलेला एक्स-रे मी इथल्या माझ्या सीनियरलाही दाखवला. गादी पूर्ण झिजलीय. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं. तारीख दादा घेईल, मी येणार. रजा मंजूर झालीय. तुम्ही काठीशिवाय अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन याल तेव्हाच मी परत निघेन, आधी नाही. एवढ्या लोकांचे गुडघे चालते केले, तुमचा दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.

लहानपणी माझा पाय मोडला होता तेव्हा तुम्ही मला खांद्यावरून शाळेत न्यायचात. त्या गुडघ्यावर. मला तेव्हा कळलं नव्हतं तुम्ही जिन्यात का थांबायचात. मी वरून म्हणायचे, "चला ना बाबा," आणि तुम्ही "कृष्णामाई दिसते का बघ" म्हणायचात, मी मान उंच करून शोधायचे, तोवर तुमचा दम परत यायचा. आई मागून दप्तर घेऊन. आई, तुझ्या पदराला तेव्हा हिंगाचा वास यायचा. इथे हिंगाची डबी उघडली की मला अजून वर्गात उशिरा पोचल्यासारखं वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इकडे या. हे मी नुसतं म्हणत नाहीये, नव्या घरात तुमची खोली ठरलीय. खालच्या मजल्यावर, एकही पायरी नाही. बाथरूम खोलीला लागून, कमोड उंच, दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घेतलेत. गरम पाणी चोवीस तास. खिडकी पूर्वेला आहे, बाबांना पूजेला ऊन मिळेल. देवांसाठी भिंतीत कपाट केलंय, ताम्हन मात्र येताना आणा. थंडीची भीती नको, जून-जुलैत इथे आपल्या महाबळेश्वरसारखी हवा असते आणि रात्री दहापर्यंत उजेड. ज्वारीचं पीठ वॉटरफर्डच्या दुकानात मिळतं. आईची भाकरी थापायची परात मी आधीच नेलीय, तुझ्या लक्षात आलं असेलच. दुपारी मराठी बातम्या लावून देईन. यांनी बाबांसाठी बॅलीहेलला जायचंही ठरवून ठेवलंय. तिथल्या मैदानाच्या कडेला बाकं आहेत, पाठ टेकता येते.

तिथे बसून तुम्हाला शेफ्लिनचा शेवट सांगेन, पण राहवत नाही, आत्ताच सांगते. दहावं पदक मिळालं तेव्हा त्या वर्षी तो बराचसा राखीव बसला होता. सगळ्यांत मोठा खेळाडू, आणि बाकावर. कुरकुर न करता बसला, बोलावलं तेव्हा उतरला. मग 17 मार्च 2015 ला, सेंट पॅट्रिक डेला, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर बॅलीहेलनं किलमॅलक क्लबला हरवून क्लबची ऑल-आयर्लंड जिंकली. त्याचं क्लबकडूनचं ते तिसरं, 2007 आणि 2010 नंतर. म्हणजे जिल्ह्यासाठी बाकावर बसणं झालं, पण गावासाठी तो 36 व्या वर्षीही पहिल्या पंधरात होता. आठ दिवसांत त्यानं काउंटीचा खेळ सोडला. आणि नंतर त्याच गावाला शिकवायला गेला, 2019 आणि 2020 ला त्याच पोरांना पुन्हा ऑल-आयर्लंड जिंकून दिली. मध्यंतरी गॉलवे काउंटीलाही शिकवून आला.

बाबा, मंडळानं तुम्हाला शाल दिली त्या दिवशी तुम्ही म्हणालात की जिल्ह्याचा बिल्ला हरवला तरी चालेल, मंडळाची जर्सी जपून ठेवा. ती अजून कपाटात आहे ना? चिकूला परवा क्लबची जर्सी मिळाली. झोपताना काढत नाही. त्याच्याबरोबर शिकणारी पोरं उद्या मोठी होतील, कुणी शेती करेल, कुणी बँकेत जाईल, आणि शनिवारी सगळी त्याच मैदानावर असतील. हे आम्ही दोघांनी गाव सोडून गमावलं. यांना बदल्यांमुळे कधी मिळालंच नाही. त्याला मिळतंय तर त्यातून उपटून काढायला माझा हात वळला नाही. तो तुमचा कमी होणार नाही. दर रविवारी तुम्हाला स्कोअर सांगायचा हा त्याचाच नियम आहे, मी शिकवलेला नाही.

आता कामाचं. बाबा, ऑपरेशनपर्यंत रोज दोनदा: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मांडीत जोर असला तर ऑपरेशननंतर लवकर उभे राहाल. जमिनीवर मांडी घालून जेवण बंद, देवापुढेही पाट नाही, खुर्ची. प्रीतिसंगमावर फिरायला जा, पण घाटाच्या पायऱ्या उतरू नका. आई, तुझी बीपीची गोळी सकाळची सकाळीच, पूजा आटोपेपर्यंत थांबायचं नाही. लोणचं बाबांना वाढलंस तरी स्वतःला वाढू नकोस. वरच्या टाकीकडे दोघांनीही चढायचं नाही, मोटर दादा लावून घेईल. वरचा मजला भाड्यानं द्यायचा असेल तर द्या, मला वाईट वाटणार नाही. फक्त माझी पुस्तकं खाली आणून ठेवा.

आईचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, एलआयसीच्या फाइलखाली आहे. या आठवड्यात दादाबरोबर साताऱ्याला जाऊन नूतनीकरणाचा अर्ज भरा. दोघांचे फोटो नवीन काढा, बाबांचा जुना मिशीवाला चालणार नाही.

तुमची,
चिमी

ता. क. येताना गोडा मसाला घरचाच आणा. चिकूला दुकानातला लगेच ओळखू येतो.