तुझ्या आईला वर्षभर पाठवता येणार नाही

मे २०२५
ता. अमळनेर

चि. भैय्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो, पण आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझी आई शेजारी असते. परवा तू म्हणालास, "जूनमध्ये हिची बाळंतपणाची रजा संपतेय, पोरीला सांभाळायला आईला वर्षभर पाठवा." आई लगेच म्हणाली, "येते ना बेटा." त्या रात्री ती उठून ओट्यावर जाऊन बसली. मांडीवर अंगणवाडीचं रजिस्टर होतं, उघडून नुसतंच बंद केलं. ती तुला नाही म्हणणार नाही. म्हणून मी म्हणतोय.

आजी आता स्वतःहून कूस बदलत नाही. दर दोन-अडीच तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि मग जखम धरते. हे मला कळलं कधी? डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीवाल्यांचा संप सुरू झाला आणि जानेवारीत तुझी आई बाकीच्या बायांबरोबर आझाद मैदानावर गेली, तेव्हा. तोवर आजीचं सगळं तीच करायची, अंगणवाडी उघडायच्या आधी आणि परतल्यावर. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण स्वतःच्या आईचं ओलं कापड बदलता येईना. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंना हाक मारली. दुसऱ्या दिवशी त्या कापूस वेचायला गेलेल्या. मग दार लावलं, पाणी कोमट केलं आणि बसलो. आजीनं डोळे गच्च मिटून घेतले. मीही भिंतीकडे बघत होतो, त्यामुळे सगळं उलटसुलट झालं. तिसऱ्या दिवशी तिनंच एक डोळा उघडला नि म्हणाली, "पहिले गुडघा वाकाड पोऱ्या, मंग ढकल." तेव्हापासून जमतंय.

दुपारी तिच्याजवळ बसून मी संसद टीव्ही लावतो. हसू नकोस. मालिका लावली की ती रडते, बातम्यांना घाबरते. सभागृहातली भाषणं लावली की निवांत पडते. मध्येच विचारते, "काय म्हनी ऱ्हायना तो?" मी म्हणतो, "म्हाताऱ्या माणसांचं चाललंय माय." ती विचारते, "काय देस तो आमले?"

हाच प्रश्न मलाही पडला, म्हणून थोडं वाचून काढलं. सूनबाईला २६ आठवड्यांची रजा मिळाली ती २०१७ च्या दुरुस्तीमुळे. आधी १२ आठवडे होते. पण त्या रजेचा सगळा पगार मालकाच्या अंगावर टाकलाय. बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात अशाच विधेयकावर बोलले होते. बाईला अशा वेळी विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा बराचसा भार सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शंभर वर्षं होत आली. सूनबाईला मुलाखतीत लग्नाचं कशाला विचारलं, ते आता कळतंय.

त्याच कायद्यात पाळणाघर आहे. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं पाळणाघराची सोय करायची आणि बाईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाऊ द्यायचं. बाईला. बापानं किती वेळा जायचं, ते कुठं नाही. मराठवाड्यातले, हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली बापाच्या रजेचं विधेयक मांडलं होतं, १५ दिवस, पुढं तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील असं. पण ते खाजगी विधेयक, म्हणजे सरकारनं नाही, एका खासदारानं आणलेलं. ती शुक्रवारी दुपारी घेतात आणि १९७० नंतर त्यातल्या एकाचाही कायदा झालेला नाही. २०१६ साली तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी म्हणाल्या होत्या, की पुरुषांना अशी रजा म्हणजे नुसती सुट्टीच होईल. मला राग नाही आला. तू झालास तेव्हा मी तीन दिवस रजा टाकली होती. एक दिवस पेढे वाटण्यात गेला, दोन दिवस झोपलो.

म्हाताऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. पोरं बघत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. ही मर्यादा काढायची आणि सून-जावयालाही जबाबदार धरायचं, असं विधेयक २०१९ ला लोकसभेत आलं. ते समितीकडे गेलं आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. आपल्या आळीत असा अर्ज कुणी करणार नाही, आजी तर मुळीच नाही. आणि केला तरी पैसे कुणी द्यायचे तेवढंच ठरणार. रात्री दोनला कोण उठणार, ते प्रांतसाहेब थोडेच सांगणार आहेत? श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याचे १५०० सुद्धा आजीला बसत नाहीत. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं, आणि डायपरचा खर्चच त्याच्या वर जातो.

सरकारनं २०१९ मध्ये लोकांचा वेळ कुठं जातो याची पाहणी केली होती. जे घरकाम करतात त्यांच्यातल्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. लेकरं-म्हातारे सांभाळायचं आणखी वेगळं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "सत्त्याण्णव? कोणाच्या घरची?"

आता तिचं ऐक. वर्षभराची रजा तिला नाही, यायचं म्हणजे राजीनामा. तिला मिळतं त्याला पगारही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्रानं ठरवलेला आकडा २०१८ ला ३००० चा ४५०० झाला, त्यावर हललेला नाही; बाकी राज्य घालतं. तरी ती सोडायला तयार होईल, तुझ्यासाठी. अंगणवाडी दुपारी सुटते, पण निंदणीला गेलेल्या बाया दिवस मावळताना परततात. तोवर तीन-चार लेकरं आपल्याच ओट्यावर असतात. एकाला आजीच्या खाटेखाली झोपायची सवय लागलीय. आजी हात खाली सोडून त्याच्या डोक्यावर ठेवते. तेवढाच एक हात आता तिचा चालतो.

तू असं कर. तुझ्या कंपनीत पन्नास माणसं तर एका मजल्यावर असतील. एचआरला लेखी विचार, पाळणाघर कुठं आहे म्हणून. तोंडी विचारू नको, तोंडी विचारलं की उत्तरही तोंडीच मिळतं. सूनबाईच्या ऑफिसातही विचारायला लाव. नसेल, तर घराजवळ बघा; आधी दोन-चार दिवस तू स्वतः तिथं जाऊन बस. आणि पोरीला ताप आला की पहिली रजा तू टाकायची, सूनबाईनं नाही.

आई सुट्टीतले दहा दिवस येईल. अमळनेरहून मी बसवून देतो, बायांना अर्धं तिकीट आहेच. तेवढे दिवस आजीचं मी बघतो. सोबत बिबड्याचे पापड देतो. यंदाचे मी थापलेत, कडेला जाड झालेत, मंद आचेवर भाजायला सांग.

पत्र मिळालं की फोन कर आणि तूच म्हण, आई, वर्षभर नको, दहा दिवस ये. माझं पत्र आल्याचं काढू नको. फोन स्पीकरवर असतो.

सूनबाईला आशीर्वाद, पोरीला पापा.

तुझे
अप्पा