गुरुवारच्या काकूंना, त्या न कापलेल्या दोऱ्याबद्दल

ती. काकू,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद, म्हणून नुसतं काकू. तसंही नाशिकच्या गंगापूर रोडच्या आपल्या भागात ‘गुरुवारच्या काकू’ एवढं म्हटलं तरी माणूस बरोबर तुमच्या दारात पोचतो. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही “आधी चहा घे” म्हणून विषय मोडता. आता चारचौघांत लिहिलंय, त्यामुळे वाचण्यावाचून सुटका नाही.

आधी थोडी भडास काढून घेते. त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला कळायचं नाही.

श्रावणात माझं ऑपरेशन झालं. स्तनाचा कॅन्सर, डावी बाजू काढली. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, त्यांच्यामुळे हे पत्र लिहायला मी आहे. पण ब्लाउज घालून आरशासमोर उभं राहिल्यावर पुढे काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “ओढणी घ्या ना मॅडम, कळत नाही.” मग आत ठेवायचा कृत्रिम स्तन घ्यायला एका दुकानात गेले. तिथला माणूस गल्ल्यावरूनच ओरडला, “कुठली साइड? लेफ्ट का राइट?” शेजारी एक शाळकरी मुलगा आजीसाठी गुडघ्याचा पट्टा घेत होता, त्यानेही वळून बघितलं. सिलिकॉनचं ते प्रकरण हातात घेतलं तर गार, बुळबुळीत आणि चांगलंच वजनदार. किंमत ऐकली आणि परत ठेवलं. घरी जाऊबाई म्हणाल्या, “आता या वयात कोण बघतंय?” या जाऊबाई केस रंगवल्याशिवाय दुधाची पिशवी आणायलाही खाली उतरत नाहीत, ते असो. ऑक्टोबर म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, म्हणून ऑफिसात गुलाबी फुगे लागले, गुलाबी केक कापला, सगळ्यांनी फोटो काढले. माझ्याशी बोलताना नजर कुठे ठेवायची, हे मात्र त्यातल्या एकालाही ठरवता येईना.

मी आपली चार रुमालांची गुंडाळी करून आत ठेवायचे आणि वरून ओढणी घ्यायचे. ऊन असो, थंडी असो, ओढणी.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि भाचीने मला ओढत तुमच्या हॉलमधल्या दर गुरुवारच्या विणकामाला आणून बसवलं. मला सुलट आणि उलट टाक्यापलीकडे काही येत नव्हतं. शाळेत शिवणाच्या तासाला अर्धा मफलर विणला होता, तो अजून अर्धाच आहे. तुमच्याकडे तर एकेक वल्ली. बँकेतून निवृत्त झालेल्या ताई टोरांटोच्या मुलासाठी गेले दोन हिवाळे एकच राखाडी स्वेटर विणतायत. व्हिडिओ कॉलवर मुलगा जाड दिसला की बाहीपासून उसवतात. कॉलेजची ती मुलगी क्रोशाने टोप्या करते, मैत्रिणींना विकते आणि आपल्याला उधारीचे किस्से सांगते. दोन घरांत बाळंतविडे चालू होते, त्यात कुंचीला लोकरीची झालर असावी की नसावी यावर आख्खा एक गुरुवार गेला. आणि देवळालीहून बसने येणारे सुभेदारकाका. बायका इतक्या मिळून बोलत असताना टाके मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कुणी नवी लोकर आणली की ते तिचं टोक काडीने पेटवून बघणार. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर खरी लोकर. वितळून टोकाला टणक मणी झाला की म्हणणार, “ॲक्रिलिक. पैसे परत मागा.” परत कुणी मागत नाही.

तो जानेवारीतला गुरुवार तुम्हाला आठवत असेल. बँकवाल्या ताईंनी मेन रोडवरून लोकरीच्या लड्या आणल्या होत्या आणि गुंडे करायचे होते. लडी धरायला दोन हात हवेत म्हणून मला पुढ्यात बसवलं. दोन्ही हात ताणून मी बसले, ताई गुंडाळतायत, लोकर डावी-उजवी धावतेय, आणि माझी रुमालांची गुंडाळी सरकत सरकत गळ्याच्या हाडाशी आली. हात सोडावेत तर लडीचा गुंता होणार. ओढणी मागे गेलेली. मला वाटलं, आता इथेच धरणीने पोटात घ्यावं.

तुम्ही सुया खाली ठेवल्यात, माझ्या हातांतली लडी जशीच्या तशी आपल्या मनगटांवर घेतलीत आणि म्हणालात, “गवती चहा चिरायचाय गं, कात्री ओट्यावर आहे. दार लोटून घे, वास बाहेर येतो.” गवती चहाच्या वासाचा त्रास जगात कुणाला झालाय? ओट्यावर चहा चिरून ठेवलेलाच होता.

त्यानंतर तुम्ही एक अक्षर विचारलं नाहीत. पुढचे तीन गुरुवार नेहमीसारखेच गेले. चौथ्या गुरुवारी निघताना उरलेल्या लोकरीच्या पिशवीत घालून तुम्ही ते दिलंत. “हे तुझं,” एवढंच म्हणालात.

घरी दार लावून पिशवी उघडली. मऊ सुती दोऱ्याची, मोज्यांच्या चार सुयांवर गोल विणलेली, आत कापूस भरलेली, त्या सिलिकॉनच्या जागी ब्लाउजच्या आत ठेवायची ती वस्तू. लोकर व्रणाला टोचते म्हणून सूत. कातडीचा रंग मिळाला नाही म्हणून अबोली. बारा नंबरच्या सुयांची बारीक वीण, कुठे एक टाका सैल नाही. हातात घेतली तर चिमणीएवढं वजन. हे सगळं छानच होतं काकू, पण मी रडले ते मागची बाजू बघून. मागे तोंड मिटलेलं नव्हतं. कडेच्या टाक्यांतून दोरा ओवून नुसता ओढून ठेवला होता आणि त्याची वीतभर शेपटी मोकळी सोडली होती. सोबत एका पुडीत मूठभर कापूस. आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: “कमी-जास्त तुझं तू कर. मला सांगायचं कारण नाही.”

तोवर माझ्या या अंगाबद्दल प्रत्येकजण काहीतरी ठरवून मोकळा झाला होता. ओढणी घ्या, मोठी साइज घ्या, या वयात सोडून द्या. गाठ मारून दोरा कापायला तुम्हाला दोन सेकंद लागले असते. तुमच्या हातून निघालेल्या कुंचीला आजवर लोंबता दोरा कुणी पाहिलेला नाही. इथे मात्र सोडलात. त्या रात्री मी तीनदा कापूस काढला, दोनदा भरला, दोरा ओढला, आणि दुसऱ्या दिवशी ओढणी न घेता भाजी आणायला गेले. भाजीवाल्याने नेहमीप्रमाणे कोथिंबीर कमी दिली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नंतर कळलं की ही कल्पना सातासमुद्रापारची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर २०११ मध्ये याची एक मोहीम सुरू केली. तेव्हापासून कितीतरी देशांतल्या बायका अनोळखी बायकांसाठी असं विणून फुकट देतात. कॉलेजच्या मुलीने ते इंग्रजीतलं वाचून तुम्हाला टाक्यांचा हिशेब मराठीत लिहून दिला. कापूस ताईंनी पिंजून आणला. आणि दोरा सुभेदारकाकांनी देवळालीच्या बाजारातून. म्हणजे तीन गुरुवार सगळ्यांना माहीत होतं! तरी कुणाचा आवाज हळवा झाला नाही, कुणी मला जास्तीचं बिस्कीट दिलं नाही. तुम्ही पिशवी हातात दिलीत तेव्हा काका एवढ्या मोठ्याने मोजत होते, “बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस.” त्यांच्या सुईवर तेव्हा वीस टाकेसुद्धा नव्हते, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

चांगुलपणा म्हणजे गळ्यात पडून रडणं, असं मला आजवर वाटायचं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं की डोळ्यांत पाणी आणावंच लागतं, नाहीतर माया नाही म्हणतात. तुमच्या हॉलमध्ये कुणी डोळे पुसले नाहीत. वासाचं निमित्त करून दार लोटायला सांगणं आणि चुकीचे आकडे मोठ्याने मोजणं, हे येणारी माणसं मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी भेटली.

काकांना माझा नमस्कार सांगा. ताईंना म्हणावं, मुलगा आहे तेवढाच राहू दे, स्वेटर संपवा.

तुमची,
डावीकडच्या खुर्चीतली

ता. क. परवा तपासणीला गेले होते. तिथे बाकावर एक मुलगी बसली होती, तिशीचीही नसेल. पर्स छातीशी धरून. मी तिला काही विचारलं नाही, नुसता फोन नंबर देऊन आले, आणि रात्री तिचा फोन आला. बारा नंबरच्या चार सुया घेतल्यात, अबोली सूतही मिळालं. पण पहिली फेरी तीनदा उसवून झाली, चौथी सुई नेमकी कुठे धरायची तेच कळत नाहीये. या गुरुवारी साडेतीनलाच आले तर चालेल ना?