मिरगाआधीची कामं

पुणे, एप्रिलअखेर

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, "गवंडी येतो म्हणतो आणि येत नाही, आता मीच शिडी लावतो." लगेच आईने फोन घेतला आणि विषय आंब्याच्या पेट्यांवर नेला. म्हणून लिहून पाठवते आहे. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं निम्मं राहून जातं.

बाबा, आधी निर्णय सांगते, मग काय भांडायचं ते भांडा. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून होणारं प्रत्येक काम तुम्ही करा, गवंड्याची वाट बघू नका. शिडी लागणारं सगळं मी मे महिन्यात आले की. कौलं परतणं आणि पन्हळीतला पाला काढणं माझ्याकडे. पण फुटलेलं कौल शोधायला वर जावं लागत नाही. मागच्या पडवीला माळा नाही, तर भर दुपारी दारं लावून अंधार करा आणि वर बघा. उजेडाचा ठिपका दिसेल त्याच्या बरोबर खाली खडूने फुली मारून ठेवा. आणि विहिरीपाशी रचलेली जुनी कौलं कुणाला देऊन टाकू नका. दुसऱ्या कारखान्याचं कौल आपल्या कौलांच्या खाचेत नीट बसेलच असं नाही, आणि न बसलेल्या कौलापाशीच गळतं.

आता देवघराची भिंत. आई, पोपडे धरले म्हणून तू रंगाच्या दुकानात गेलीस की पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट गळ्यात मारतील. घेऊ नकोस. आपली भिंत जांभ्याची, गिलावा चुन्याचा. जमिनीतून चढलेली ओल अशा भिंतीतून हळूहळू बाहेर पडत असते. वर प्लॅस्टिकचा थर दिला की तिची वाट बंद होते, मग ती रंगालाच ढकलून बाहेर येते. गेल्या खेपेचा रंग याच कारणाने सुटला असं माझं ठाम मत आहे.

शिवाय दुखणं भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे. तुझ्या अबोलीच्या वाफ्यात दर वर्षी माती पडून पडून तो जोत्याच्या वर आलाय. पागोळ्यांचं पाणी तिथे साचतं आणि रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. रोपं दोन हात पुढे सरकव, जोत्यालगतची माती गड्याकडून काढून घे आणि जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार दे. हे केल्याशिवाय आत कितीही रंगवलं तरी फुकट.

मग चुना. कळीचा चुना घरी विरवत बसू नका. पाणी पडलं की तो खदखदतो आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर नजरेवर बेतेल. विरलेला चुनाच आणा, रात्रभर भिजत ठेवा, जुन्या धोतराच्या फडक्याने गाळा, थोडं डिंकाचं पाणी घाला म्हणजे कपड्यांना लागत नाही. सैल पोपडे ब्रशने झाडून भिंतीवर पाणी शिंपडा आणि ताकासारखा पातळ हात द्या. हातमोजे आणि चष्मा घालूनच. ओला असताना चुना दिसतच नाही, भिंत तशीच्या तशी वाटते. घाबरून जाड थर देऊ नका. वाळताना पांढरा होत जातो. जाड दिला की तडकतो. खांद्याच्या उंचीपर्यंत तुम्ही, वरचं मी.

अंगणातलं शेवाळ आत्ता सुकलेलं आहे तोवरच ताठ ब्रशने खरवडा. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. न्हाणीतला नळ ठिबकतोय तो वायसरचा प्रश्न आहे: टाकीचा कॉक बंद, नळाचं डोकं पान्याने खोला, जुनं वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचं आणा. तरीही ठिबकलाच तर प्लंबर. पुढचं दार पावसात फुगतं म्हणून बाबा दर जुलैला रंधा काढतात आणि एप्रिलमध्ये फटीतून पाली आत येतात. यंदा घासतं तिथे मेणबत्ती चोळून बघा.

न्हाणीघरातला आधाराचा दांडा मात्र मला सगळ्यात आधी हवा आहे. टॉवेल टांगायची दांडी धरून उठायचं नाही, ती माणसाच्या वजनासाठी नसते. मापं पुस्तकातली नकोत. कमोडवर बसा, उठताना हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. दोघांच्या खुणा वेगळ्या येतील, येऊ देत. भोकं मी पाडीन. टाइलवर चिकटपट्टी लावून आधी ड्रिल साधं चालवावं लागतं, टाइल पार झाली की मगच ड्रिलचा ठोके देणारा हॅमर, नाहीतर टाइल फुटते.

विजेचं काहीही उघडायचं नाही. फक्त मीटरशेजारच्या डब्यात आरसीसीबी नावाच्या खटक्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण आहे, ते दाबा. घरातली वीज गेली तर ठीक, खटका परत वर करा. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा, कारण शॉक लागला तर वीज तोडणारं तेच एक आहे. साध्या एमसीबीला, म्हणजे भार जास्त झाला की पडणाऱ्या खटक्याला, माणसाला बसलेला शॉक कळत नाही.

ड्रिल, स्क्रूच्या गिट्ट्या आणि दांडा इथून आणते. पेन्सिलच्या खुणांचा फोटो या आठवड्यात पाठवा, आणि शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे केवढा दांडा घ्यायचा ते कळेल.

तुमची,
बाय