ओहायोहून गुहागरला

कोलंबस, ओहायो
१८ जानेवारी

ती. अण्णा व आई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला तिळगूळ अजून पोचला नाही, पण संक्रांत मी केली. तीळ आणि गूळ दोन्ही इथे मिळतात. मी बरी आहे. दोन्ही वेळचं जेवण होतं, कोकमाच्या आगळाची बाटली अर्धी शिल्लक आहे, आणि बर्फात मी गाडी चालवत नाही, शाळेतली एक शिक्षिका मला बरोबर नेते. आई, फोनवर आवाज बसलेला वाटला म्हणालीस, तो सर्दीने नव्हे. चाळीस मुलं एकदम वाजवत असताना त्यांच्या वरताण बोलावं लागतं.

अण्णा, नोकरी पक्की आहे का, हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून नीट लिहिते. इथे सहावी ते आठवीच्या माझ्या शाळेत ऑर्केस्ट्रा हा वेळापत्रकातला विषय आहे. रोज ४५ मिनिटांचा तास, प्रगतिपुस्तकात शेरा, आणि गणिताच्या शिक्षकाला जी पगाराची श्रेणी तीच मला. व्हायोलिन शिकवून पोट भरतं का, असं वाडीत कोणी विचारलं तर हे सांगा. कोणी विचारत नसेल तर सोडून द्या.

डिसेंबरातल्या कार्यक्रमाचा फोटो बघून आईने विचारलं होतं, एवढ्या आनंदाच्या दिवशी सगळी पोरं काळ्या कपड्यांत का? आपल्याकडे संक्रांत सोडली तर चांगल्या दिवशी काळं अंगाला लावत नाहीत, तुला ते खटकणारच. पण यात अशुभ काही नाही गं, उलट हाच इथला मानाचा पोशाख. काळा सदरा, काळी पँट, काळे बूट, मुलींना काळा लांब झगाही चालतो. मोजेसुद्धा काळेच, कारण खुर्चीवर बसलं की पँट वर सरकते आणि पांढरे मोजे पार मागच्या रांगेपर्यंत दिसतात. महिनाभर आधी पालकांना चिठ्ठी जाते. ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी मी वर्गातल्या कपाटात जुने कपडे धुऊन, घड्या घालून ठेवते. कारण असं, की ऑर्केस्ट्रात एक गाणारा आणि बाकी साथीला असं नसतं. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि माणसाएवढा उंच डबल बास, चौघांचे सूर वेगवेगळे आणि एकाच वेळी वाजणारे, मिळून एक गाणं. मग कोणाचा फ्रॉक भारी, कोणाचा विटका, हे दिसायला नको. दिसावेत ते हात आणि गज. एकादशीच्या भजनाला सगळे पांढऱ्या सदऱ्यात बसतात ना, तसंच समज. आणि फोटो मोठा करून बघ, माझ्या कपाळावर टिकली आहे.

या आठवड्यात सुरांनी फार छळलं. थंडीत वर्ग गरम ठेवतात, त्याने हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि खुंट्या ढिल्या पडतात. सोमवारी सकाळी पेट्या उघडल्या तर निम्म्या व्हायोलिनच्या तारा लोंबत होत्या, दोघांच्या तारांखालच्या घोड्या पडलेल्या. एकेका खुंटीला खडू घासत बसले आणि आपल्याकडचा श्रावण आठवला. तिथे दमट हवेने खुंटी फुगून जागची हलायची नाही आणि अण्णा साबणाची वडी घासून ती मोकळी करायचे. तास संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा कुठे सगळ्यांचा एक सूर लागला.

सहावीतल्या नव्या मुलांना बोटांची जागा कळावी म्हणून व्हायोलिनच्या मानेवर, तारांखाली, पातळ चिकटपट्ट्या लावतात. बोट बरोबर पट्टीवर पडलं पाहिजे, हेच मी रोज घोकून घेते. परवा मात्र जमिनीवर मांडी घातली, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं आणि आपल्याकडे वाजवतात तसं वाजवून दाखवलं. मींड घेतली, बोट पट्ट्यांवरून सरकत गेलं. एका मुलीने विचारलं, "मग पट्ट्यांच्या मधले सूर चुकीचे नाहीत?" मी म्हटलं, नाहीत, तिथूनच तर जायचं असतं. दुसऱ्या दिवशी ती तासाच्या आधी आली आणि एकाच तारेवर, डोळे मिटून, पहिल्या पट्टीपासून दुसरीपर्यंत बोट सरकवत बसली. रत्नागिरीच्या सरांनी मला महिनाभर हेच करायला लावलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

एक लाख मंगळवारी पाठवले आहेत, एक लाख फेब्रुवारीत पाठवीन. मांडव आणि आचारी त्यात भागवा. सुपारीचे पैसे लग्नात घालू नका, ते पंपाला ठेवा. आणि आई, तुझ्या पाटल्या मोडायच्या नाहीत.

धाकटीच्या लग्नाला मला येता येणार नाही. शाळा जूनमध्ये सुटते आणि मे महिन्यातला कार्यक्रम नेमका त्याच आठवड्यात आहे. मागितली असती तर रजा कदाचित मिळाली असती. मी मागितली नाही. मी इथे आले त्या वर्षी सहावीत जी मुलं गज कसा धरायचा ते माझ्याकडून शिकली, ती यंदा आठवीत आहेत, पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जातील. हे धाकटीला तुम्ही सांगू नका, मीच सांगीन. रागावली तर रागावू दे.

मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा, म्हणजे इथे रात्रीचे २ वाजून १० मिनिटं. मी जागी असेन. दादाला म्हणावं, फोन अंतरपाटाच्या बाजूने धर. मंगलाष्टकांची चाल व्हायोलिनवर वाजवून आधी पाठवते. मोठीच्या आधी धाकटीचं झालं म्हणून लोक बोलतील, त्याचं मनाला लावून घेऊ नका आणि माझ्यासाठी एवढ्यात स्थळं बघू नका. जूनमध्ये महिनाभर येते, तेव्हा बोलू. आंबा संपलेला असेल, चालेल.

करवली म्हणून दिवा घेऊन मी तिच्या मागे उभी राहायची होते. आता काकूच्या मुलीला उभी करा. दिवा माळ्यावरच्या ट्रंकेत, अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आहे. तिला म्हणावं, दुसऱ्या हाताचा आडोसा धर, त्या वेळेला अंगणात समुद्राचा वारा सुटतो.

तुमची लेक