ओव्ह्युलेशन किटची फिकी रेघ आणि चौदावा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल होण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्यांना ‘पाळीच्या चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते’ असे आरोग्यविषयक पुरवण्यांमधून अजूनही सरसकट सांगितले जाते. आपल्या दैनिकाच्या पुरवणीतही हेच वाक्य नुकतेच वाचनात आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी औषधांचे दुकान चालवते. स्त्रीबीज कधी बाहेर पडणार याचा अंदाज लघवीवरून घरच्या घरी देणाऱ्या पट्ट्या, ज्यांना सगळेच ओव्ह्युलेशन किट म्हणतात, त्या आता आमच्याकडेही सर्रास मागितल्या जातात. आणि त्या नेणाऱ्या बहुतेक जणींच्या डोक्यात हा चौदावा दिवस पक्का बसलेला असतो.

चौदा हा आकडा आला कोठून, हे समजून घेतले तर घोटाळा सुटतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि त्यात फारसा फरक पडत नाही. कमी-जास्त होतो तो पाळी सुरू झाल्यापासून बीज पक्व होईपर्यंतचा काळ. त्यामुळे जिची पाळी २८ दिवसांनी येते तिचे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडेल, पण ३५ दिवसांनी येणाऱ्या पाळीत ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास आणि २४ दिवसांच्या पाळीत दहाव्याच दिवशी बाहेर पडण्याचा संभव असतो. अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गर्भधारणेला अनुकूल असे सगळे दिवस वैद्यकीय मार्गदर्शनात सांगितल्या जाणाऱ्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत बसलेल्या स्त्रिया केवळ ३० टक्क्यांच्या आसपास होत्या. मग उरलेल्या स्त्रियांनी त्या ठरावीक तारखांवर विसंबून महिनेच्या महिने घालवले, तर त्यात त्यांचा काय दोष?

याच संशोधकांच्या १९९५ सालच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली होती. गर्भधारणा होऊ शकते असे दिवस पाळीच्या एका चक्रात सुमारे सहाच असतात: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. बाहेर पडलेले बीज १२ ते २४ तासच टिकते; शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज येण्याआधीच शुक्राणू तेथे पोहोचलेले असणे फायद्याचे, आणि सर्वांत चांगली संधी असते ती बीज बाहेर पडण्याच्या आधीच्या दोन दिवसांत.

किटमधील पट्टी नेमका याच आधीच्या काळाचा इशारा देते. बीज बाहेर पडण्यापूर्वी २४ ते ३६ तास मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात येते आणि काही तासांनी लघवीत उतरते. पट्टी ही वाढ पकडते. मात्र तिचा उपयोग व्हायचा तर ती योग्य दिवसापासून वापरायला हवी. पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या १७ दिवस आधी तपासणी सुरू करावी असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे २८ दिवसांच्या पाळीत अकराव्या दिवशी आणि ३५ दिवसांच्या पाळीत अठराव्या दिवशी. पाळी मागे-पुढे होत असेल तर गेल्या काही महिन्यांतील सर्वांत कमी दिवसांची पाळी धरून मोजावे. हे दिवस रक्तस्राव नीट सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात. काही जणी डोक्यावरून न्हाल्याच्या दिवसापासून मोजतात आणि तेथेच तीन-चार दिवसांचा फरक पडतो. पाकिटात पट्ट्या पाच-सहाच असतात. मोजणी चुकली की वाढ दिसण्याआधीच त्या संपतात आणि ‘माझं बीजच तयार होत नाही’ अशी धास्ती घेऊन बाई परत येते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो रेघ वाचण्यात. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ कितीही फिकी असली तरी ती ‘आहे’ असेच धरतात, आणि ही सवय घराघरांत इतकी रुजली आहे की ओव्ह्युलेशनच्या पट्टीवरही पहिली पुसट रेघ दिसताच आनंद होतो. परंतु एलएच थोड्या प्रमाणात शरीरात नेहमीच असल्यामुळे येथे पुसट रेघ बहुतेक दिवशी दिसू शकते. चाचणीची रेघ शेजारच्या कंट्रोलच्या, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या, रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच तो इशारा मानायचा. पट्टी माहितीपत्रकात दिलेल्या मिनिटांतच पाहावी. टेबलावर तशीच राहून संध्याकाळी गडद झालेल्या रेघेला अर्थ नसतो. पहाटेच्या पहिल्या लघवीचा आग्रहही गरोदरपणाच्या चाचणीवरूनच आलेला आहे. एलएचची वाढ पुष्कळदा पहाटे रक्तात सुरू होऊन लघवीत उशिरा दिसत असल्यामुळे बरेच उत्पादक सकाळी दहानंतरची वेळ सुचवतात. वेळ रोज एकच ठेवावी आणि त्याआधीचे दोन तास भरमसाट पाणी पिऊ नये.

रेघ गडद झाल्यावर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवावेत, हे ठीकच आहे. पण रेघ गडद होईपर्यंत ‘शक्ती साठवण्यासाठी’ आठवडाभर दूर राहणारी जोडपी मला माहीत आहेत, आणि त्यांना कोणी तरी सांगायला हवे की त्यामुळे हाती असलेले चांगले दिवस ती वाया घालवत आहेत. पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध असतील, तर पट्टीवाचूनही ते सहा दिवस सहसा चुकत नाहीत.

मग पट्टी हवीच कशाला, असे कोणी विचारील. आमच्या भागात याचे उत्तर सोपे आहे. पाटण, जावळीकडचे कितीतरी तरुण नवी मुंबईत वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून किंवा मुंबईत कामाला आहेत. बायको गावी, नवरा सुटी मिळेल तेव्हा येणार. अशा घरांत सासूबाई ‘लग्नाला तीन वर्षं झाली’ म्हणतात तेव्हा नवरा-बायको एकत्र राहिले ते दिवस किती, हे कोणी मोजत नाही. केवळ पट्टीवर विसंबून मात्र येथे भागत नाही, कारण ती फक्त एक-दीड दिवस आधी सांगते आणि निरोप जाऊन रजा मिळेपर्यंत वेळ निघून जाते. चार-पाच महिने पाळीच्या तारखा वहीत लिहून, एक-दोन महिने पट्टीने पडताळून, पुढच्या महिन्याची रजा त्या हिशोबाने आधीच मागितली तर काही हाती लागेल. एरवीही पट्टीचा थोडा उपयोग होतो. वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०२३ मधील आढाव्यानुसार, चाळिशीच्या आतील आणि वर्षभराहून कमी काळ प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांत गर्भधारणेची शक्यता पट्टीशिवाय १८ टक्के धरली, तर पट्टी वापरल्यास ती २० ते २८ टक्के होते. हा फायदा आहे, चमत्कार नव्हे.

काही जणींनी मात्र पट्टीवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. पीसीओडी हा बीजकोशांचा विकार असलेल्या स्त्रियांत एलएच मुळातच वाढलेले असू शकते, त्यामुळे पट्टी अनेक दिवस गडद दिसते आणि बीज मात्र बाहेर पडलेले नसते. बीज तयार व्हावे म्हणून दिलेल्या क्लोमिफीनच्या गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर लगेच केलेली तपासणीही फसवू शकते. शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस जाऊ द्यावेत. ‘अंडं फुटायचं इंजेक्शन’ म्हणून जे एचसीजी हे संप्रेरक देतात ते रचनेने एलएचशी मिळतेजुळते असल्यामुळे त्यानंतरची गडद रेघ इंजेक्शनचीच असते. शिवाय गडद रेघ म्हणजे बीज बाहेर पडल्याचा पुरावा नव्हे. ते पडले की नाही हे सोनोग्राफीने किंवा त्यानंतर साधारण आठवडाभराने केलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या रक्ततपासणीने कळते.

मूल नको म्हणून हेच किट वापरण्याचा विचार तर कोणी करूच नये. पट्टीचा इशारा एक-दीड दिवस आधीचा आणि शुक्राणू टिकणार पाच दिवस, हे गणित पाहिले तरी धोका लक्षात येतो. दबक्या आवाजात विचारला जाणारा आणखी एक प्रश्न म्हणजे ‘यातून मुलग्याचा दिवस कळतो का?’ सम तिथीला संबंध ठेवल्यास मुलगा आणि विषम तिथीला मुलगी होते, अशा एका विधानावरून २०२० मध्ये महाराष्ट्रात एवढा वाद झाला, तरी तो समज गेलेला नाही. १९९५ च्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला त्यात संबंधाचा दिवस आणि बाळाचे लिंग यांचा काहीही संबंध आढळला नव्हता. आणि गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८ सालीच देशात सर्वप्रथम कायदा करणाऱ्या राज्यात हा प्रश्न औषधाच्या दुकानात विचारला जावा, ही खेदाची बाब आहे.

किट नेतात त्या बायकाच, ही गोष्टही मला खटकते. मूल न होण्यामागे पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सोबतचे कारण जवळपास निम्म्या जोडप्यांत असते. वीर्याची तपासणी स्वस्त असते आणि तिला सुई टोचावी लागत नाही, तरी बाईच्या सहा महिन्यांच्या पट्ट्या संपल्यावरही पुरुषाची ती तपासणी झालेली नसते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास, आणि बाईचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनीच, दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जावे.

वर लिहिलेल्यातील बरेचसे किटच्या माहितीपत्रकात असते, पण माझ्या दुकानात आलेली पत्रके इंग्रजी किंवा हिंदीत आणि भिंग घेऊन वाचावी इतक्या बारीक टायपात असतात. उत्पादकांनी महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटांत मराठी पत्रक घालावे, आणि तोवर औषधविक्रेत्यांच्या जिल्हा संघटनांनी अर्ध्या पानाचा मराठी मजकूर छापून दुकानदारांना द्यावा. आपल्या पुरवणीकडे माझी मागणी एवढीच आहे की चौदाव्या दिवसाच्या त्या वाक्याची दुरुस्ती प्रसिद्ध करावी आणि तिच्यासोबत गरोदरपणाची पट्टी व ओव्ह्युलेशनची पट्टी यांची चित्रे शेजारी-शेजारी, शक्यतो रंगीत छापावीत. कारण कोणती रेघ किती गडद धरायची, हे काउंटरवर उभे राहून कितीही समजावले तरी शब्दांनी पटत नाही.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती, जि. सातारा