‘पी’मध्ये अडकलेला गिअर आणि ब्रेकचा दिवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी ऑटोमॅटिक गाडी सुरू होते, एसी लागतो, सगळे ठीक असते; फक्त गिअरचा दांडा ‘पी’वरून, म्हणजे पार्कवरून, हलत नाही. मग टोइंगवाल्याला फोन जातो आणि पुढे ‘अख्खी लिव्हर असेंब्ली बदलावी लागेल’ असे ऐकायला मिळते. बहुतेक वेळा दांड्याला काहीही झालेले नसते. ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’तून सोडायचे नाही, एवढेच काम असलेले एक विजेवर चालणारे कुलूप तिथे बसवलेले असते आणि ब्रेक दाबल्याची खबर त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. ही खबर कुठे अडली, हे घरच्या अंगणात शोधता येते, म्हणून हे पत्र.

आधी गाडीच्या मागे एखाद्याला उभे करा, नाहीतर गाडीची पाठ भिंतीकडे असेल तर आरशात पाहा. ब्रेक दाबला की लाल दिवे लागतात का? मधला वरचा दिवाही बघा, कारण खालचा एखादा बल्ब उडाला असेल तर उगाच दिशाभूल होते. तिन्ही दिवे लागत नसतील तर दांड्याकडे बघायचेसुद्धा कारण नाही. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरील तक्त्यात ‘स्टॉप’ लिहिलेला फ्यूज शोधा. तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, दहा-वीस रुपयांचे काम आहे. चांदीचा कागद किंवा तार लावू नका. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी तारा एकमेकींना लागल्या आहेत. बाहेरून लावून घेतलेले स्पॉयलरचे दिवे आणि मागच्या बल्बचे होल्डर आधी तपासा.

फ्यूज शाबूत असेल तर ब्रेकचा स्विच. पेडलच्या दांडीच्या वरच्या टोकाला, डोके डॅशबोर्डखाली घालून पाहिले की दिसतो. पेडल वर असताना स्विचची छोटी दांडी आत दाबलेली असते आणि दिवे बंद असतात. पेडल खाली गेले की दांडी बाहेर येते आणि दिवे लागतात. दोन तारांचा स्विच असेल तर प्लग काढून त्या दोन तारा फ्यूज लावलेल्या छोट्या वायरने क्षणभर जोडा. दिवे लागले तर स्विच गेला. चार तारांच्या स्विचवर हा प्रयोग नको. त्यात दिव्यांची आणि कॉम्प्युटरची अशा दोन वेगळ्या जोडण्या असतात, त्यामुळे दिवे लागूनही कुलूप न उघडण्याचा प्रकार याच स्विचमध्ये होतो. नवा स्विच काहींत पाव वळसा देऊन बसतो, काहींत आटे आणि ते जागी आवळून धरणारा चेक नट असतो. आट्यांचा असेल तर पेडल आणि स्विचच्या आट्यांच्या टोकामध्ये साधारण १ मिमी फट ठेवा. फार पुढे घट्ट केला तर पेडल पुरते वर येत नाही, ब्रेक घासत राहतो आणि चाके तापतात. फार मागे राहिला तर दिवे विझतच नाहीत.

दिवे विझत नाहीत यामागे आणखी एक क्षुल्लक वस्तू असते, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. स्विचची दांडी पेडलवर जिथे टेकते, तिथे बटणाएवढा रबरी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. आपल्याकडे नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात उभ्या गाडीच्या आत तो वर्षानुवर्षे भाजून निघतो आणि एक दिवस भुगा होऊन पायपुसणीवर पडतो. दांडी मोकळ्या भोकातून आरपार जाते, दिवे रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी उतरलेली, आणि वीजच नाही म्हणून कुलूप उघडत नाही. म्हणजे दिवे ‘न विझल्याने’सुद्धा गिअर अडकतो. चटईवर पिवळट किंवा काळे तुकडे दिसले तर हेच. मूळ ठोकळा पक्कडने दाबून बसतो. तो मिळेपर्यंत भोकात मावेल असा छोटा बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉनचा नट वापरता येतो. बोल्टचे डोके स्विचच्या बाजूला ठेवा. साधा नट वापरू नका, तो हादऱ्याने सुटून पेडलखाली पडला तर ब्रेक लागणार नाही.

दिवे नीट लागतात, विझतात, तरी दांडा अडकलेला? मग कान लावा. चावी ‘ऑन’वर ठेवा, इंजिन बंद (बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण बहुधा दोनदा दाबावे लागते), एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करा आणि ब्रेक दाबा. दांड्याच्या बुडाशी ‘टक’ आवाज आला तर कुलूप उघडले. अडकण्याचे कारण यांत्रिक आहे. आवाज आला नाही तर वीज पोचत नाही किंवा सोलेनॉइड, म्हणजे कुलूप ओढणारे विद्युतचुंबक, जळाला. त्याच्या प्लगवर ब्रेक दाबून टेस्ट लॅम्प लावला की यातले कोणते ते कळते. पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका.

यांत्रिक कारणांत पहिला क्रमांक गोडाचा. चहा, उसाचा रस, शीतपेय दांड्याच्या फटीतून खाली झिरपते आणि वाळून डिंकासारखे होते. लोक त्यावर गंज काढण्याचा स्प्रे मारतात आणि दोन दिवस बरे वाटते. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. बॅटरीची उणे तार काढा, कन्सोलचे झाकण उघडा, कोमट पाण्यात पिळलेले फडके आणि जुना टूथब्रश घेऊन चिकटा काढा, विजेच्या भागांना फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर लावा, पूर्ण वाळू द्या आणि सरकत्या प्लॅस्टिकला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवा.

दुसरे कारण उताराचे. नागपूर तसे सपाट शहर, पण सेमिनरी हिल्सचा चढ आणि इमारतींच्या बेसमेंटचे रॅम्प आहेतच. उतारावर हँडब्रेक न ओढता ‘पी’ लावले की गाडीचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या बोटभर खुंटीवर येते आणि ती दात्यात रुतून बसते. अशा वेळी ब्रेक दाबून ठेवा आणि दोघांना गाडी चढाच्या दिशेने दाबायला सांगा. त्यांनी जोर लावल्यावर ब्रेक अगदी किंचित सैल करा, दांडा ओढा आणि लगेच पुन्हा ब्रेक दाबा. ढकलणाऱ्यांनी चाकांच्या समोर उभे राहू नये. दांड्याला हिसके देऊ नका.

वीज नसतानाही गाडी हलवता यावी म्हणून बहुतेक गाड्यांत दांड्याशेजारी ‘शिफ्ट लॉक’ लिहिलेले छोटे झाकण असते. काहींत ते चामड्याच्या टोपणाखाली लपलेले असते. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबा, चावी ‘ऑन’ करा, कापड गुंडाळलेल्या चपट्या पेचकसाने झाकण उचला, आत तोच पेचकस दाबून धरा आणि दांडा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर घ्या. इंजिन ‘एन’मध्येही सुरू होते. हे घरी किंवा गॅरेजपर्यंत जाण्यापुरते. कुलपाची कडीच कापून टाका, असे सुचवणारे भेटतात, ऐकू नका. १९८०च्या दशकात ऑडी ५००० आपोआप उसळते अशा तक्रारी अमेरिकेत झाल्या. तिथल्या सरकारी तपासाने १९८९मध्ये दाखवले की बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. हे कुलूप त्याच चुकीला आळा घालण्यासाठी आहे.

आता उलटा बिघाड. दांडा लोण्यासारखा फिरतो, गाडी मात्र गिअर बदलत नाही. दांड्यापासून निघालेल्या केबलचे टोक गिअरबॉक्सवर ज्या गोळीवर बसते, तिथला प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे दोघांना जोडणारी कडी, तुटलेली असते. फोर्डने २०२२मध्ये अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या याच बुशसाठी परत बोलावल्या होत्या. धोका असा की दांडा ‘पी’ दाखवतो आणि गिअरबॉक्स ‘डी’त (पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) किंवा ‘एन’मध्ये असतो, चालक उतरतो आणि गाडी चालू लागते. त्यामुळे सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके आणि थंड इंजिन असल्याशिवाय सुरुवात करू नका. एअर फिल्टरचा डबा काढला की बऱ्याच गाड्यांत केबलचे टोक दिसते. जुना भुगा कोरून काढा, गोळीचा व्यास आणि केबलच्या डोळ्याचे माप व्हर्नियरने घ्या, नवा बुश पाच मिनिटे गरम पाण्यात ठेवून मऊ करा आणि पक्कडने ‘खट’ होईपर्यंत दाबा. केबलची लांबी ठरवणारी खीळ उघडू नका. मग तपासा: स्टार्टर फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच फिरतो का, मागचा पांढरा दिवा फक्त ‘आर’मध्येच (रिव्हर्समध्येच) लागतो का, आणि हलक्या उतारावर, पाय ब्रेकच्या वर तयार ठेवून, ‘पी’ गाडी धरते का. बुशऐवजी केबल टाय आवळणारे आहेत. इंजिनच्या उष्णतेत तो ढिला पडतो. गॅरेज गाठण्यापुरताच बांधा आणि तोवर प्रत्येक थांब्यावर हँडब्रेक ओढा.

एएमटीवाल्यांसाठी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्रच हलवते अशा गाड्यांसाठी, हे वेगळे. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या या गाड्यांत बहुधा ‘पी’ नसतोच. गिअर लागलेल्या अवस्थेत बॅटरी उतरली की गाडी ढकलूनही हलत नाही. तिथे आधी बॅटरी चार्ज करा आणि ब्रेकचे दिवे तपासा, कारण ब्रेकची खबर नसेल तर गाडी सुरूच होत नाही. त्यापुढे क्लच हलवणारे यंत्र, क्लच अ‍ॅक्च्युएटर येतो आणि त्याला स्कॅनरच लागतो. घरी उघडू नका.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा बुडालेल्या गाड्यांपैकी काही आज जुन्या बाजारात असतील. ऑटोमॅटिक घेताना ब्रेकच्या स्विचचा आणि दांड्याखालचा प्लग काढून पाहा. पिनांवर हिरवट गंज असेल तर तो सौदा सोडा.

कंपन्यांकडे एक मागणी आहे. अनेक मॉडेलांत हा बुश सुटा विकत नाहीत, अख्खी केबल घ्यावी लागते. तो वेगळ्या पार्ट नंबरने काउंटरवर मिळायला हवा.

आपला,
एक गॅरेजवाला, नागपूर