बाळ्यास, उल्महून

उल्म, जर्मनी
२२ जुलै २०२४, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. दीड महिन्यात तुझे चार मेसेज आले. त्यातल्या दोनांना मी अंगठा दाखवला, एकाला 'बोलू निवांत' म्हटलं आणि चौथा नुसता वाचला. निवांत काही झालं नाही. आज पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दोन वाक्यांत निकाल लावून मोकळा होतोस. मला आज निकाल नकोय, सगळी केस मांडायचीय. आईला सांगावं तर ती नारळ बोलेल. इथल्या कुणाला सांगावं तर त्यांना चिपाडाचा कोळसा माहीत नाही. राहिलास तू.

तब्येत ठीक. सर्दी झाली होती, गेली.

तर, शुक्रवारी मी पुन्हा तेच केलं.

हसू नकोस. नीट सांगतो. इथल्या बॅटरीच्या लॅबमध्ये मला काम काय दिलंय माहितीये? कोळसा! दहा हजार रुपये व्हिसाला घालून, सात समुद्र ओलांडून कोळसाच. इथं त्याला हार्ड कार्बन म्हणतात. लाकूड, साखर, करवंटी असलं काहीतरी हजार अंशांच्या वर भाजून करतात. लिथियमच्या बॅटरीत ग्रॅफाइट चालतं, पण सोडियम त्यात नीट शिरत नाही, म्हणून सोडियमच्या बॅटरीला हा कोळसा. मुलाखतीत मी आपलं कॉलेजातलं उसाच्या चिपाडाचं प्रोजेक्ट सांगितलं तेव्हा पलीकडची बाई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. 'आपलं' म्हटलं होतं का 'माझं', ते आता आठवत नाही. आठवतं खरं तर. तो विषय भेटल्यावर.

काम असं. एक काचेची पेटी, आत आर्गॉन वायू. पाणी आणि ऑक्सिजन दहा लाखांत एक भागही नको. पेटीच्या भिंतीतून दोन काळे रबरी हात लोंबतात, त्यात आपले हात घालायचे. घातले की नाकाला खाज सुटलीच. मग रुपयाच्या नाण्याएवढा सेल बांधायचा. खाली डबीचा तळ, त्यावर कोळशाची काळी टिकली, त्यावर काचतंतूंची पांढरी चकती, द्रावणाचे मोजून थेंब, वर सोडियम, मग स्टीलची चकती, स्प्रिंग, झाकण, आणि प्रेसमध्ये दाबायचं. सोडियम लोण्यासारखं कापलं जातं. कापल्यावर क्षणभर चांदीसारखं चमकतं. सरांनी रॉकेलच्या बाटलीतून चिमट्यानं काढून पाण्यात टाकलं होतं आणि तू बाकाखाली गेला होतास, तेच हे. इथं मी त्याचे पापड लाटतो. चिमट्यातून टिकली निसटली की पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसते, आणि त्या जाड हातमोज्यांनी ती उचलायची म्हणजे बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घालून सुईत दोरा ओवणं. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला दोन सेल बांधत होतो. आता बारा होतात.

त्या बारातले नऊ झकास चालले. ग्रॅमला २८०-२९०च्या आसपास मिलिअँपिअर-तास वीज साठली, ग्राफच्या रेघा एकमेकींवर बसलेल्या. ४ नंबर पहिल्याच चार्जिंगला गेला. ७ आणि ११ चार्ज-डिस्चार्जच्या पाच-सहा फेऱ्यांनंतर कोसळले. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मुकादमबाईंनी (पीएचडी करते, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण मुकादमच) ग्राफ मागितला आणि मी नवांचाच दिला. बारा बांधले होते हे कुठंही लिहिलं नाही. खोटं काहीच लिहिलं नाही बघ. सरासरी खरी, आकडे खरे, नुसते तिघं जण गायब. तिचं उत्तर आलं, 'सुपर!' आणि खाली, की गुरुवारच्या मीटिंगच्या स्लाइडमध्ये घालतेय.

आता तुला ती अकरा दिवसांची अबोल्याची गोष्ट आठवली असणार. मलाही आठवली, म्हणून तर हे पत्र. त्या चिपाडाच्या चौदा गोळ्या, त्यातल्या पाच फुटल्या, तू म्हणालास रिपोर्टात घालायच्या, मी पान फाडलं. मेसमध्ये तू पार त्या टोकाला जाऊन बसायचास आणि संध्याकाळी माझ्याच गाडीवर मागं बसून घरी यायचास, तेही न बोलता. व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी विचारलं, सॅम्पल किती? मी म्हटलं नऊ. तू वर पंख्याकडे बघत राहिलास. तेव्हाही नऊ, आताही नऊ. माझ्या पत्रिकेतच नऊ आहेत बहुतेक.

पण हरिश्चंद्रा, एक विसरू नकोस. सेकंड इयरला आधी ग्राफ काढून मग त्यावरून रीडिंग भरायची विद्या अख्ख्या वर्गाला कुणी शिकवली? त्या व्हिस्कॉसिटीच्या प्रॅक्टिकलला साठ जणांच्या जर्नलमध्ये एकच चूक होती आणि ती तुझ्या हस्ताक्षरातली होती.

असो. पुरवणी म्हणून आजचा दिवस सांगतो.

आज इथं श्वोअरमोंटाग, म्हणजे शपथेचा सोमवार. जुलैच्या शेवटून दुसऱ्या सोमवारी असतो, गावातली निम्मी दुकानं बंद. सकाळी अकराला महापौर शपथगृहाच्या सज्जातून गावाला हिशेब देतात आणि मग घंटा वाजते आणि शपथ होते. शपथेचे शब्द १३९७ च्या करारातले. महापौर नवे आहेत, त्यांची ही पहिलीच खेप. मी गर्दीत एका आजोबांच्या टोपीमागं उभा. माझं जर्मन अजून 'ही ट्रेन कुठं जाते' एवढंच, पण शेजारच्या पोरीनं इंग्रजीत सांगितलं: श्रीमंत आणि गरीब, दोघांनाही सारखाच माणूस राहीन, सगळ्या समान, सामाईक आणि प्रामाणिक गोष्टींत, काहीही हातचं न राखता. शेवटचं ऐकून मला घाम फुटला. ऊनही होतंच म्हणा.

दुपारी चारला नाबाडा. म्हणजे अख्खं गाव डॅन्यूबमध्ये. पुढे सजवलेले तराफे, त्यांवर राजकारण्यांची टिंगल, आणि मागून ज्याला जे मिळेल ते: रबरी बोटी, हवेच्या गाद्या, एक तर चक्क फुगवलेलं बदक. काठावरचे बोटीतल्यांवर पाणी उडवतात, बोटीतले काठावरच्यांवर. मी कृष्णेच्या होड्यांच्या शर्यती बघून वाढलेला माणूस, मला वाटलं आयर्विन पुलावर उभा आहे आणि खाली होड्यांऐवजी लोकांच्या गाद्या वाहत चालल्यात. फरक एवढाच की आपल्याकडे नदीत गाद्या वाहताना दिसल्या तर ती वेगळीच बातमी असते.

इथं पूल ओलांडला की नॉय-उल्म, म्हणजे बव्हेरिया, दुसरं राज्य. अंकलीचा पूल ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात गेल्यासारखं. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या.

त्याच नदीकाठी तटाच्या बुरुजावर एक तिरका मनोरा आहे, शिंप्यासाठी बांधलेला. बर्ब्लिंगर नावाचा शिंपी होता इथं. त्यानं शिवणकाम सांभाळून पंख बनवले. १८११ साली राजा गावात आला तेव्हा उडून दाखवायचं ठरलं, पण त्या दिवशी उडाला नाही, पंख बिघडला म्हणाला. दुसऱ्या दिवशी राजा निघून गेलेला, पण बाकी बघे होते. हा उडाला तो थेट नदीत. कोळ्यांनी ओढून काढला. मग लोकांनी इतकी टर उडवली की धंदा बसला आणि कंगाल होऊन मेला बिचारा. आणि १९८६ साली लोकांनी त्याच जागेवरून नवे ग्लायडर घेऊन स्पर्धा केली, तर तेही बहुतेक नदीत पडले. नदीवरची थंड हवा खाली ओढते म्हणे. पंख बरे होते, जागा वाईट होती.

मी तिथं बाकावर बसून ब्रेत्झेल खात होतो. खाताखाता सुचलं आणि तसाच उठून खोलीवर आलो, वही उघडली. कुठली टिकली कोळशाचा लेप दिलेल्या पत्र्याच्या कुठल्या भागातून कापली हे मी लिहून ठेवतो. (ही सवय तुझी, श्रेय घे.) ४ आणि ११, दोन्ही काठाच्या! लेप काठाला पातळ असतो, कदाचित सुटतही असेल. आता ७ मात्र बरोबर मधला, त्यानं का मान टाकली देव जाणे. म्हणजे सगळं जुळलं असं नाही. पण दोन तरी माझ्या हातच्या चुकीनं मेले नाहीत, आणि ते मी ग्राफमधून पुसून टाकलेत. तिन्ही सेल लॅबमध्ये पिशवीत आहेत, टाकले नाहीत. का टाकले नाहीत ते विचारू नकोस. तुझ्या भीतीनं.

तुझं कळलं. कुपवाडच्या नोकरीचं अभिनंदन. नाइट शिफ्टला डबा घेऊन जा, तिथल्या गाड्यावरचं खाऊ नकोस. अण्णांचं मोतीबिंदूचं झालं ना? ताईचं बाळ फोटोत तुझ्यावर गेलेलं दिसतंय, देव त्याचं भलं करो.

बाकी उल्म छान आहे. चर्चचा मनोरा १६१ मीटरच्या वर, जगातल्या सगळ्यात उंच चर्च-मनोऱ्यांपैकी एक, पाया १३७७ चा आणि पुरं झालं १८९० ला. आपल्या उड्डाणपुलांना नावं ठेवायची नाहीत यापुढे. वर जायला ७६८ पायऱ्या, मी त्या खालून मोजल्या. आइन्स्टाइन इथं जन्मला, १८७९ ला. पुढच्याच वर्षी घरच्यांनी म्युनिकला हलवलं, पण गाव अजून मिरवतंय. आणि चिमणी! इथल्या लोकांना म्हणे लांब तुळई वेशीतून आत नेता येईना, आडवी धरून ढकलत बसले. मग एक चिमणी काडी लांबीनं चोचीत धरून घरट्यात शिरताना दिसली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गावभर तिचे पुतळे आहेत. हॉस्टेलची खाट दारातून काढताना आपल्याला एकही चिमणी दिसली नाही, म्हणून चौकट गेली.

आजीला मुद्दाम सांग. इथल्या जवळच्या एका गुहेत १९३९ साली मॅमथच्या हस्तिदंताचे तुकडे सापडले. लगेच युद्ध सुरू झालं, तुकडे खोक्यात पडून राहिले, तीस वर्षांनी कुणीतरी जोडून बघितले तर धड माणसाचं आणि डोकं सिंहाचं. फूटभर उंचीचा, सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचा. पुढं त्याच गुहेत परत टाकलेल्या मातीतून आणखी तुकडे निघाले, तेही जोडले. पोस्टकार्ड घेतलंय. कोळे नरसिंहपूरच्या फोटोशेजारी लावायचं का नाही ते आजी ठरवेल.

जिना झाडायची पाळी असते इथं. दारावर पाटी लटकवतात, तो आठवडा तुमचा. आईला सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की मी कुठल्या तरी परीक्षेत पहिला आलोय असं वाटावं. रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या म्हणून एका बाईनं गॅलरीतून झापलं, आवाज होतो म्हणे. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र दुकानातल्या मशीनला परत द्यायच्या, एकीचे २५ सेंट. परवा अकरा दिल्या, २ युरो ७५ घेऊन राजासारखा बाहेर पडलो. एकादशीला एशियन दुकानातला साबुदाणा आणून खिचडी केली, तिनं वॉलपेपर चिकटवता येईल. फायनलला सूर्यानं तो मिलरचा कॅच घेतला तेव्हा हॉस्टेलच्या किचनमध्ये आम्ही तिघं एवढे ओरडलो की एक जर्मन पोरगा आग लागली समजून बादली घेऊन आला. भडंग संपलं. एकाच पासवर महिनाभर कुठंही फिरा, फक्त फास्ट गाड्या सोडून. एका रविवारी ब्लाउबॉयरनचा निळा डोह बघून आलो. निळा म्हणजे किती निळा, तर कुणीतरी नीळ ओतलीय असं वाटतं. फोटो पाठवले होते, तू अंगठा दाखवलास.

एक वाजला. उद्या सकाळी आठला मुकादमबाई येते. तिच्याआधी पोचतो. 'तिघं राहिले होते' हे इंग्रजीत दहा वेळा जुळवलं, दर वेळी ते माझा दोष नसल्यासारखं निघतं.

तुझा,
पप्या

ता. क. मंगळवार, संध्याकाळ. सांगितलं. पिशवी टेबलावर ठेवली. तिनं आधी तिन्ही नंबर वाचले, मग विचारलं, शुक्रवारी का नाही सांगितलंस? ग्राफ तिनं रविवारीच प्राध्यापकांना पाठवला होता. मग बराच वेळ काही बोलली नाही. इथं खोलीत पंखा नाही, त्यामुळे ती खिडकीकडे बघत होती. गुरुवारी स्लाइडवर बाराच्या बारा रेघा येणार आणि त्या मी समजावून सांगायच्या. काठाचं सांगितल्यावर मात्र तिनं पेन उचललं. नवे बारा बांधायचेत, सहा काठाचे, सहा मधले. दुपारी मला न विचारता जेवायला गेली.

लाल वही आहे ना अजून तुझ्याकडे? त्या फाटलेल्या पानाचे तुकडे तू तिच्यात डकवले होतेस. फोटो काढून पाठव. त्या पाच गोळ्या एकाच दिवशीच्या भट्टीतल्या होत्या का, ते बघायचंय.